वकील कधी गाठलात? अनुभव लिहा

मी गेले ती सही करून झाल्यावर. बाबा गेल्यानंतर दादा म्हणाला, "सातबाऱ्याचं काम आहे गं, चल." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा, फोटो सगळं झालं. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे हे मला माहीत होतं. समोरचा कागद नेमका तोच सोडवून घेतोय हे कळलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, आदल्या दिवशी दाखवला असतात तर?" आता दावा चालू आहे. तुम्ही कधी गेलात, वकील कसा निवडलात?

लातूरचा दुकानदार:
गिऱ्हाइकाचा चेक परत आला. "दिवाळीनंतर देतो" ऐकत दीड महिना गेला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी, हे वकिलाकडे गेल्यावर कळलं. चेकची तीन महिन्यांची मुदत संपली नव्हती म्हणून वाचलो. त्यांनी तोच चेक पुन्हा भरायला लावला, परत आल्यावर आठवड्यात नोटीस काढली.

नाशिककर:
पोटगीसाठी दोन वर्षं गप्प बसले, फी कुठून आणू म्हणून. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून इथे सांगतेय.

फ्रिजवाला:
ग्राहक आयोगात वकील लागला नाही. स्वतः बोललो. वस्तू 5 लाखांच्या आतली असेल तर तक्रारीची फीही नाही.

जुन्नरचा:
माझा अनुभव वकील बदलण्याचा. विचारलं की एकच उत्तर, "तारीख पडली." पुतण्याने कोर्टाच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकला, तर तीन तारखांना आमच्यातर्फे कोणी हजरच नाही! मग दोन दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसलो आणि कोण तयारीने येतं ते पाहिलं. एकाने निकालातले दहा टक्के मागितले. अशी टक्केवारी वकिलाला घेताच येत नाही. दुसऱ्यांनी फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली. जुन्यांची ना हरकत घेऊन नवं वकीलपत्र दिलं. मूळ कागद मात्र घरीच ठेवलेत, त्यांच्याकडे झेरॉक्स.

धागाकर्ती:
जुन्नरकर, सीएनआर नंबर कुठे मिळतो? माझी तारीख सोमवारी आहे.

जुन्नरचा:
16 अंक-अक्षरांचा असतो. वकीलबाईंना विचारा, आजच.