तिन्ही रक्तपेशी कमी, बी-१२ अत्यल्प: बोन मॅरो आधी की इंजेक्शन आधी?

माझी आई ६३ वर्षांची असून पूर्ण शाकाहारी आहे. चहापुरते सोडल्यास ती दूधही घेत नाही, आणि मधुमेहासाठी गेली ११ वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे. दोन महिन्यांपासून जिना चढताना तिला धाप लागते व तळपायांना मुंग्या येतात. परवा आमटीचा घास तोंडात घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आले, म्हणून जीभ पाहिली तर ती लालबुंद आणि अगदी गुळगुळीत झाली होती. बोटांची पेरे काळवंडली होती, त्याचे खापर आम्ही भांड्यांच्या पावडरीवर फोडले होते.

तपासणीत हिमोग्लोबिन ५.९, पांढऱ्या पेशी २,३००, प्लेटलेट्स ५२,०००, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढून ११८ आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) खूप वाढलेले आले. पहिल्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाची शंका व्यक्त करून बोन मॅरो (हाडांतील रक्तपेशी बनवणारी मज्जा) तपासणी सुचवली. दुसऱ्यांनी बी-१२ पाहिले, ते अवघे ८६ निघाले. स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या तपासणीत) ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या अपक्व पेशी नाहीत, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना मात्र सहा-सहा खंड आहेत, जी बी-१२ अभावाची खूण असते. तेव्हा आधी इंजेक्शने देऊ, असे त्यांचे मत आहे. त्यामुळे कर्करोग असल्यास तो झाकला जाईल का, आणि फरक किती दिवसांत दिसावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

मी पॅथॉलॉजीत काम करते. बी-१२ अभावी डीएनए नीट तयार होत नाही, त्यामुळे पेशी आकाराने वाढतात पण पक्व होण्याआधीच मॅरोमध्ये फुटतात. एलडीएच त्यामुळेच चढते. असा मॅरो अपक्व पेशींनी गच्च भरलेला असतो, आणि बी-१२ न पाहता तो तपासला तर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा एमडीएस (मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा, कर्करोगाच्या गटातील आजार) वाटू शकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा क्रम मला योग्य वाटतो. इंजेक्शनने ल्युकेमिया बरा होत नाही, त्यामुळे तो असलाच तर आकडे सुधारणार नाहीत आणि मॅरो तेव्हा करता येईल. साधारण आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी) उसळी घेतात, हिमोग्लोबिन पूर्ववत व्हायला दोनेक महिने लागतात, मुंग्यांना त्याहून अधिक. सुरुवातीच्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकते, ते तपासायला डॉक्टरांना आठवण करा. नुसते फोलिक ॲसिड मात्र देऊ नका: रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.