स्वयंसेवकांच्या अॅम्ब्युलन्स पथकात पगारी पॅरामेडिक घ्यावेत का?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं ग्रामीण भागातलं पथक पूर्ण स्वयंसेवकांवर चालतं, सगळे ईएमटी (तातडीच्या प्राथमिक उपचारांचं ट्रेनिंग घेतलेले) लेव्हलचे, म्हणजे सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं), एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र), ऑक्सिजन, रक्त थांबवणं, स्प्लिंट बांधणं इथपर्यंत. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माणसं मिळतात पण कामाच्या दिवशी दुपारी सगळे आपापल्या नोकरीवर, पेजर वाजत राहतो आणि गाडी जागची हलत नाही, मग कॉल शेजारच्या पथकाकडे जातो आणि त्यांना यायला लांबचं अंतर. जुने लोक वयामुळे कमी होतायत, नवीन पोरं येत नाहीत कारण ईएमटीचा कोर्सच दीडशे तासांच्या आसपास, पॅरामेडिकचा, म्हणजे शिरेतून औषध देण्यासारखे प्रगत उपचार करणाऱ्याचा, तर हजाराच्या वर, नोकरी सांभाळून कोण करणार?

आता कमिटीत पगारी पॅरामेडिक ठेवायचा विषय निघालाय. अर्धे म्हणतात ठेवाच, अर्धे म्हणतात एकदा पगार सुरू झाला की फुकट उठून कोण येणार. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, २४ तास ठेवले की फक्त दिवसा? आणि स्वयंसेवक टिकले का?

हिशेबी

आधी तासांचा हिशेब मांडा, निम्मा वाद तिथेच मिटेल. वर्षाचे तास ८७६०. आठवड्याला ४० तास काम करणारा माणूस कागदावर २०८० तास देतो, रजा, आजारपण, ट्रेनिंग वजा केलं की १८०० च्या आसपास उरतात. म्हणजे २४ तास फक्त एक खुर्ची भरलेली ठेवायची तरी जवळपास पाच माणसांचा पगार लागतो, एका माणसाचा नाही! कमिटीत बरेचजण "एक पॅरामेडिक ठेवू" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर एक पगार असतो. तेच सोमवार ते शुक्रवार दिवसाचे १२ तास धरले तर आठवड्याला ६० तास, दोन माणसांत बसतं. आणि तुमची अडचण दुपारचीच आहे ना, मग रात्रीवर पैसे कशाला घालायचे?

अजून एक, ग्रामीण भागात कॉल कमी असतात त्यामुळे बिलातून पगार निघेल या भरवशावर राहू नका. खर्च कॉलचा नसतो, तयार बसण्याचा असतो, तो कर किंवा अनुदान अशा पक्क्या जागेवरूनच यायला हवा.

लीडटू

मी पगारी पॅरामेडिक आहे आणि स्वयंसेवक पथकाबरोबरच काम करते, म्हणून दुसरी बाजू पण सांगते. पॅरामेडिक आला की सगळे वाचतील असं कोणी कमिटीला सांगत असेल तर ते खरं नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ओपल्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २००४ साली निकाल आला, जिथे लवकर शॉक देण्याची सोय आधीच होती तिथे वरून प्रगत उपचार जोडले तरी हृदय बंद पडलेल्यांपैकी हॉस्पिटलमधून जिवंत घरी जाणारे ५.० चे ५.१ टक्के झाले, बस. कारण सीपीआरशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते, आणि ते मिनिट तुमचा जवळ राहणारा स्वयंसेवकच वाचवू शकतो. पण त्याच अभ्यासात श्वास लागलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू १४.३ वरून १२.४ टक्क्यांवर आले, हा निकाल २००७ चा. म्हणजे फायदा आहे, पण कुठे आहे ते नीट बघा.

आणि तो अभ्यास शहरांमधला आहे, तिथे हॉस्पिटल जवळ. तुमच्याकडे गाडीतच तासभर जात असेल तर आकडी थांबत नाहीये, साखर घसरून माणूस बेशुद्ध आहे, मांडीचं हाड मोडून ओरडतोय, यात शिरेतून औषध देता येणं खूप मोठी गोष्ट आहे. छातीत दुखणाऱ्याचा १२ लीड ईसीजी (हृदयाचा सविस्तर आलेख) घरातच काढून पुढे पाठवला तर अँजिओप्लास्टी होणाऱ्या हॉस्पिटलकडे सरळ नेता येतं, नाहीतर आधी जवळच्या छोट्या हॉस्पिटलात आणि मग तिथून ट्रान्सफर, त्यात हृदयाचा स्नायू मरतो.

एक मागणी मात्र आत्ताच लिहून घ्या. कमी कॉलच्या ठिकाणी पॅरामेडिकच्या हाताची सवय सुटते, श्वासनलिकेत नळी घालायची वेळच येत नाही. महिन्यातून काही शिफ्ट गर्दीच्या सर्व्हिसमध्ये किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये करायला पाठवा.

जुना_ड्रायव्हर

ताई बरोबर बोलल्या. स्वयंसेवक टिकतात की नाही हे पगारावर नाही, वागणुकीवर ठरतं असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे पगारी लोक आल्यावर पहिल्यांदा हेच झालं की पेजर वाजला तरी लोक बसून राहायचे, ते आहेत ना, जातील ते. मग प्रमुखांनी नियम केला की पगारी पॅरामेडिक एकटा, छोट्या गाडीतून सामान घेऊन निघणार आणि अॅम्ब्युलन्स स्वयंसेवकच आणणार, दोघं रुग्णाच्या दारात भेटणार. गंभीर नसेल तर पॅरामेडिक तपासून मोकळा, पुढच्या कॉलला तयार. याने एक तर स्वयंसेवकाशिवाय गाडी हलत नाही हे सगळ्यांना दिसलं, आणि दुसरं म्हणजे एक पॅरामेडिक दोन-तीन पथकांना पुरला, पगार वाटून घेतला.

भांडण दुसरीकडे होतं, हुकूम कोणाचा चालणार. वीस वर्षं पथकात घातलेल्या माणसाला पंचवीस वर्षांचा पोरगा सगळ्यांसमोर "बाजूला व्हा" म्हणाला की तो माणूस परत येत नाही. कागदावर लिहा: रुग्णाच्या उपचाराचा निर्णय पॅरामेडिकचा, गाडी, रस्ता आणि जागेची सुरक्षितता पथकाच्या माणसाची.

हिशेबी

कायद्याचं पण बघून घ्या, देशादेशात वेगळं असतं. अमेरिकेत सरकारी पथकात एकच माणूस त्याच पथकात तेच काम पगारी आणि स्वयंसेवक असं दोन्ही करू शकत नाही. आपल्याच पोरांना दिवसा पगारावर घेऊ आणि रात्री ते फुकट येतील, हा बेत खूप जण करतात आणि तिथेच अडकतात. वकिलाला आधी विचारा.

रात्रपाळी

खूप आभार सगळ्यांचे. दिवसा दोन माणसं आणि छोटी गाडी हाच प्रस्ताव मांडतो, शेजारच्या पथकाशी पण बोलतो. ताई, एक राहिलं, रात्री पॅरामेडिक नसताना त्यांच्या औषधांच्या पेटीचं काय करायचं? आमची शेड उघडीच असते.

लीडटू

दादा, शेड उघडी असेल तर आधी तेच बंद करा. वेदनेची आणि आकडीची नियंत्रित औषधं डबल कुलपात, नोंदवहीत शिफ्ट बदलताना दोन सह्या, सीलचा नंबर, शिल्लक किती, आणि फुटलेल्या किंवा उरलेल्या औषधाची वेगळी ओळ. पॅरामेडिक ड्युटीवर नसेल तेव्हा किल्ली कोणाकडे हे तुमच्या मेडिकल डायरेक्टरकडून (पथकाच्या उपचारांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरकडून) लेखी घ्या. आणि तापमान बघा, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात औषधं खराब होतात. आकडीवरचं लोराझेपाम तर फ्रीजमध्येच ठेवायचं असतं, त्यापेक्षा मिडाझोलाम घेतलं तर ती कटकट वाचते, पण तेही डायरेक्टरांना विचारून.