अलास्काची तेलवाहिनी नेमकी कशावर अडली होती?

रानवाटा (प्रश्न)
विधी शाखेच्या प्रबंधासाठी मी सार्वजनिक जमिनीवरील मार्गाधिकार (जमिनीतून वाहिनी वगैरे नेण्याचा हक्क) हा विषय घेतला आहे. प्रुडो बे ते वाल्डीझ ही सुमारे ८०० मैलांची तेलवाहिनी १९७० मध्ये न्यायालयात अडली ती त्याच वर्षी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण कायद्यामुळे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अपील न्यायालयाचा फेब्रुवारी १९७३ चा निकाल वाचला, तर सारा भर जमिनीच्या पट्ट्याच्या रुंदीवर दिसतो. एवढा मोठा प्रकल्प काही फुटांवर अडू शकतो का?

दप्तरी
अडू शकतो, कारण ते फूट कायद्यातच लिहिलेले होते. १९२० च्या खनिज भाडेपट्टा कायद्याच्या कलम २८ नुसार संघीय जमिनीवर वाहिनीखालची जागा आणि तिच्या दोन्ही अंगांना २५ फूट, एवढाच मार्गाधिकार देता येत असे. ४८ इंची नळ धरला, तर एकूण ५४ फूट होतात. बांधकामाला याहून अधिक जागा लागणार होती आणि ती गृहखाते (तिकडे ते सरकारी जमिनी सांभाळते) ‘विशेष भूवापर परवाना’ अशा वेगळ्या नावाखाली देऊ पाहत होते. आजवर असेच चालत आले आहे, हा खात्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) आकडा घालून दिला असेल, तर तो बदलण्याचे कामही तिचेच, असे ठरले. काम अशा रीतीने थांबणारच असल्याने पर्यावरण कायद्याचे बहुतेक मुद्दे न्यायालयाने निर्णयाविना सोडले.

मोजणीदार
मी महाराष्ट्रात वाहिन्यांच्या मोजणीचे काम केले आहे, म्हणून एवढेच सांगतो की ५४ फूट कागदावर जितके वाटतात तितके जागेवर उरत नाहीत. चराची रुंदी, बाजूला मातीचा ढीग, वरचा कसदार थर ठेवायचा तर त्याचा वेगळा ढीग, जोडून ठेवलेली नळांची रांग, ती उचलणारी यंत्रे आणि त्यांच्या पलीकडून वाहने जाण्याची वाट, हे सारे त्यातच बसवायचे असते. आपल्या १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यात रुंदीचा आकडाच नाही. अधिसूचनेत गट क्रमांक आणि क्षेत्र येते. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, वापरहक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के मिळतात, नुकसानभरपाई वेगळी, आणि सातबाराच्या इतर हक्कांत नोंद होते. पट्ट्यात घर, विहीर किंवा झाड मात्र चालत नाही. त्यामुळे मोजणीला गेलो की मोबदल्याच्या आधी बहुधा ‘बांधावरचा आंबा जाणार का?’ हाच प्रश्न येतो.

रानवाटा
मग काँग्रेसने तो आकडा वाढवला का?

दप्तरी
गंमत इथेच आहे. नोव्हेंबर १९७३ च्या दुरुस्तीनंतरही सर्वसाधारण मर्यादा वाहिनीखालची जागा आणि ५० फूट अशीच आहे, म्हणजे पंचवीस दुणे पन्नासच! फरक असा की लेखी कारणे नोंदवून अधिक रुंदी देण्याचा आणि बांधकामापुरते तात्पुरते परवाने देण्याचा अधिकार मंत्र्याला मिळाला. मार्गाधिकाराची मुदत ३० वर्षांपर्यंत मर्यादित झाली आणि जमिनीचे भाडे बाजारभावाने ठरू लागले.

तुमचा पर्यावरण कायदा याच विधेयकात पुढच्या दाराने परत आला. अलास्का वाहिनीला त्या कायद्याखाली पुन्हा आव्हान देता येऊ नये, या दुरुस्तीवर जुलैमध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४९ अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी निर्णायक मत देऊन ती मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखले, १६ नोव्हेंबरला निक्सन यांनी विधेयकावर सही केली आणि जून १९७७ मध्ये तेल वाहू लागले. माझ्या मते प्रबंधात रुंदीपेक्षा न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या त्या कलमाला अधिक पाने द्यावीत. १९७१ चा मूलनिवासींच्या भूहक्कांचा कायदाही सोडू नका, कारण ते दावे मिटल्याखेरीज ही जमीन निर्वेधपणे ‘सार्वजनिक’ म्हणणेच अवघड होते.

रानवाटा
आभारी आहे. दुसऱ्या प्रकरणाचे शीर्षक ‘वाढलेली रुंदी’ असे ठेवले होते, ते आजच खोडतो.