पहिल्या केमोच्या आगेमागे: जोडीदारांचे अनुभव

वर्तकनगर, ठाणे (धागा मीच काढतोय)
बायकोला स्तनाचा कर्करोग आहे हे कळलं तेव्हा वाटलं, उद्यापासूनच उपचार सुरू होणार. प्रत्यक्षात पहिली केमो तेविसाव्या दिवशी लागली. बायोप्सी झाल्यावर आयएचसीचा (त्याच तुकड्याची पुढची तपासणी) रिपोर्ट यायचा होता, कारण कोणतं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरतं. मग पेट स्कॅन, मग हृदय हे औषध झेपवेल का बघायला टूडी इको. या तेवीस दिवसांत आम्ही दोघंही एकमेकांसमोर काही झालंच नाही असं वागत होतो, आणि त्यानेच जास्त दमलो. केमोनंतर काय खावं यावर ढीगभर मजकूर सापडतो, या दिवसांवर काही नाही. तुमचं काय झालं ते लिहा. गव्हांकुर आणि गोमूत्र सोसायटीच्या ग्रुपवर मुबलक मिळतं, ते इथे नको.

ऐरोली
नवऱ्याला मोठ्या आतड्याचा. डॉक्टरांसमोर बसलं की माझं डोकं बधिर व्हायचं, म्हणून वही केली. पहिल्या पानावर वजन, चालू गोळ्या, ॲलर्जी. मागच्या पानापासून प्रश्न. तरीही चुकलेच. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर थंड सोसत नाही हे सांगितलं होतं, पण मी फक्त ‘फ्रीजचं पाणी नको’ एवढंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी ह्याने दुधाची पिशवी काढायला फ्रीजमध्ये हात घातला आणि कळवळला, बोटांत सुया टोचल्यासारखं झालं. मग माळ्यावरची मनालीची बॅग उतरवली. मे महिन्यात ऐरोलीत आमच्या फ्रीजच्या दांडीला लोकरीचे हातमोजे लटकत होते. येणारा जाणारा विचारायचा.

कळवा
मला भातसुद्धा येत नव्हता. शिकलो. पण हिला फोडणीच्या वासानेच मळमळायचं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, फोडणी आमच्याकडे करून न्या. तीन महिने कढई घेऊन पॅसेजमधून ये-जा केली.
पैशांचं: सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना कॅशलेस आहे, त्यामुळे आधी बिल भरून नंतर धावाधाव करू नका. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी गाठा. मला हे दुसऱ्या रुग्णाच्या भावाने सांगितलं, चहाच्या टपरीवर.

घोडबंदर रोड
मी तापाबद्दल लिहिते. यांना लिम्फोमा, लसिका ग्रंथींचा कर्करोग. पहिल्या केमोनंतर दहाव्या रात्री अंग गरम लागलं. थर्मामीटर १००.८. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं की १००.४च्या वर ताप गेला तर थांबू नका, पण माझ्या हातात क्रोसिनची गोळी होती आणि हे म्हणत होते, “सकाळी बघू गं, एवढ्या रात्री कुठे.” कधी नव्हे ते मी यांचं ऐकलं नाही. आणि घोडबंदर म्हणजे रात्री अकरानंतर ट्रेलरच ट्रेलर. रिक्षात मी सारखी यांच्या कपाळाला हात लावत होते, जसा काही हाताने ताप कळणार होता. रुग्णालयात नेहमीचा प्रश्न, “काय होतंय?” मी म्हटलं ताप, तर बाकड्यावर बसवलं. वीस मिनिटं गेली. मग मी काउंटरवर जाऊन मोठ्याने म्हणाले, “केमोचा पेशंट आहे, दहावा दिवस आहे.” तेव्हा सगळे हलले. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, पाच दिवस राहावं लागलं. तेव्हा दारात पाऊल टाकतानाच पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे’ हे. ताप नंतर सांगा.

खारघर
टाटाचं कर्करोग केंद्र, ॲक्ट्रेक, आमच्या घरापासून चालत. वर्षानुवर्षं त्या भिंतीकडेने संध्याकाळी फिरायला जायचो. नवऱ्याची फाइल घेऊन आत गेल्यापासून तो रस्ता टाळते, दुसऱ्या बाजूने जाते. बाकी काही लिहवत नाही.

नेरुळ
हिच्या आजाराचं मुलीला सांगायचं की नाही यावर आमची दोन रात्री भांडणं. नववीत आहे. शेवटी मीच सांगितलं. तिने विचारलं, “मग गॅदरिंगला कोण येणार?” मी इतका चिडलो की खोलीतून उठून गेलो. हिने मला आत नेऊन झापलं: तिला विचारायचं वेगळंच आहे, तुला कळत नाही का? गॅदरिंगला दोघं गेलो. ही डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क लावून शेवटच्या रांगेत.
लोकलने जात असाल तर कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांग डब्यात बसता येतं, कागद जवळ ठेवा. माझ्यासारखे धडधाकट नवरे कधी कधी खाली उतरवले जातात, तेही बरोबरच आहे.

वर्तकनगर, ठाणे
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. घोडबंदरच्या ताई, तुमचं वाक्य कागदावर लिहून दाराला चिकटवलंय. आमच्याकडे केमोच्या लाल औषधानंतर लघवी लाल झाली, ही रक्त समजून बाथरूममध्येच बसली. औषधाचा रंग असतो हे नर्सने फोनवर सांगितलं.
सोळाव्या दिवशी उशीवर केस दिसले. रविवारी हिनेच ट्रिमर हातात दिला. मी केलं, पण कानामागे एक पट्टा राहून गेला. हिने आरशात बघून फोटो काढला आणि आईला पाठवला, खाली लिहिलं: “लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अजून एक काम धड येत नाही ह्यांना.”