२० हजारांत ओव्हरक्लॉक होणारी प्रोसेसर-मदरबोर्ड जोडी: कोणती घेऊ?

वऱ्हाडी_रेंडर

राम राम मंडळी. अकोल्याहून लिहितोय. लग्नाच्या स्टेजची आणि गणपतीच्या देखाव्यांची थ्रीडी चित्रं करून देतो, म्हणजे सुताराच्या हातात लाकूड जाण्याआधी मंडळाला देखावा कसा दिसेल ते कळतं. सध्या चौथ्या पिढीचा आय३ आहे. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये जरा मोठा मंडप उघडला की आठ-दहा मिनिटं नुसतं चक्र फिरत बसतं. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० आहे, पण मोठा सीन त्याच्या ४ जीबीत मावत नाही, मग रेंडर, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढायचं काम, शेवटी प्रोसेसरच्याच गळ्यात पडतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून २० हजार जमवलेत. रॅम आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कुलरचे वेगळे ठेवलेत. दोन दुकानांतून दोन जोड्या सांगितल्या:

एक, रायझन ५ ५६०० आणि ए५२० बोर्ड.
दुसरी, आय३ १२१००एफ आणि एच६१० बोर्ड.

दोघंही म्हणाले, "ओव्हरक्लॉक होतं, काळजी करू नका." म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो. पैसे मोजके आहेत, म्हणून त्यातून जेवढं निघेल तेवढं काढायचंय. कोणती घेऊ? आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा हे झेपेल का?

तापकीर_गल्ली

दादा, पैसे दिले नसतील तर थांबा. त्या दोन्ही जोड्यांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डावरचं मूळ घड्याळ (बस) गुणिले गुणक. इंटेलमध्ये गुणक मोकळा, म्हणजे बदलता येणारा, असतो तो नावापुढे 'के' असलेल्या प्रोसेसरचा, आणि तो वाढवायला बोर्ड झेड मालिकेतला लागतो. १२१००एफ बंद गुणकाचा. त्यात एच६१० म्हणजे रॅमचा वेगसुद्धा वाढवता येत नाही, ती सोय बी६६० पासून पुढे.

एएमडीत उलटं आहे. रायझन ५६०० चा गुणक मोकळाच आहे, कुलूप बोर्डाला आहे. ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग एएमडीने दिलेलं नाही. बी३५०, बी४५०, बी५५० आणि वरच्या एक्स मालिकेत दिलंय. म्हणजे प्रोसेसर तुम्हाला बरोबर सांगितला, बोर्ड चुकीचा सांगितला. ए५२० वर रॅमचा वेग वाढतो, बहुतेक त्यालाच दुकानदार ओव्हरक्लॉक म्हणत असावेत.

५६०० च घ्या. सहा कोअर (गणना करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), रेंडरला १२१००एफ च्या चार कोअरांपेक्षा बराच पुढे. सोबत साधा बी५५०: एमएसआयचा बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय किंवा गिगाबाइटचा बी५५०एम डीएस३एच. याहून महाग बोर्डात पैसे घालू नका. ५६०० मूळ सेटिंगवर सॉकेटमधून जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो. तेवढ्याला यातल्या कुठल्याही बोर्डाचा वीजपुरवठा पुरून उरतो.

बिल करताना खोक्यावरचं नाव अक्षर अन् अक्षर वाचा. ५६००, ५६००जी आणि ५५०० हे तीन वेगळे प्रोसेसर आहेत. ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, बाकी दोघांना १६. "तेच आहे हो, फक्त नाव वेगळं" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि खोकाबंदच घ्या. सुट्या ट्रेमधल्या मालाला बहुधा दुकानाचीच वॉरंटी असते, पुढे दुकान आणि तुम्ही.

काळी_पेन्सिल

वरचा सल्ला बरोबर आहे. मी थोडं मागचं सांगतो, कारण 'स्वस्तातल्या चिपमधून जास्त काढायचं' ही ओढ कुठून आली ते कळलं की आज काय मिळेल आणि काय नाही, हेही कळतं.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. गुणक ४.५ ला पक्का, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर सरळ ४५० ला चालायचा. निम्मा वेग वरून, एकही पैसा जास्त न देता! त्यानंतर मी एएमडीचा ड्युरॉन ६०० घेतला. त्याच्या वर एल१ नावाचे बारीक तुटक पूल असायचे. ते साध्या शिसपेन्सिलीने जोडले की गुणक मोकळा व्हायचा. मी भिंग धरून, श्वास रोखून, एकेका पुलावर तीन-तीन वेळा पेन्सिल फिरवली होती. शेजारच्या पुलाला रेघ लागली तर खोडरबराने पुसायचं. पहिल्यांदा ८५० चा आकडा पडद्यावर आला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

तेव्हा कंपन्या चिपमध्ये मोठी शिल्लक सोडत, ती आपण काढत होतो. आता ती शिल्लक चिप स्वतःच काढते. ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वॉट पाहून तो क्षणाक्षणाला ४.४ पर्यंत आपणहून चढतो. म्हणून निम्मा वेग वाढेल ही आशा ठेवू नका. पाच टक्क्यांच्या आसपास मिळेल. पण तेवढं कमी तापमानात मिळवता येतं, आणि अकोल्यात मला तेच मोलाचं वाटतं.

वऱ्हाडी_रेंडर

काका, पेन्सिलीचं वाचून अंगावर काटा आला. वाचलो म्हणायचं, उद्या ए५२० चे पैसे देणार होतो. ५६०० आणि बी५५०एम प्रो-व्हीडीएच ठरवतो. आता सेटिंग काय करू?

सोल्डर_आणि_चहा

मी हाच प्रोसेसर दोन वर्षं नागपुरात चालवतोय, म्हणजे ऊन तुमच्यासारखंच. ज्या क्रमाने लिहितोय त्याच क्रमाने करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि संगणक अडकला, तर चोर कोण ते कळत नाही.

आधी कुलर. खोक्यातला रेथ स्टेल्थ चालतो, पण उन्हाळ्यात त्याचा पंखा किंचाळतो. डीपकूलचा एजी४०० किंवा त्याच घडणीचा १२० मिमी पंख्याचा एक मनोऱ्यासारखा उभा कुलर घ्या. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी.

मग रॅम. १६ ची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या, म्हणजे मेमरीच्या दोन्ही वाटा (चॅनेल) वापरल्या जातात. डीडीआर४ ३६०० घ्या. कारण असं की रायझनच्या आत कोअर आणि मेमरी यांना जोडणारं जे इन्फिनिटी फॅब्रिक आहे, ते मेमरीच्या घड्याळाला घड्याळ लावून चाललं की सगळ्यात चांगलं. ३६०० च्या रॅमचं खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झ, आणि ५६०० चं फॅब्रिक १८०० सहसा विनातक्रार धरतं. ४००० ची महाग रॅम घेतली तर फॅब्रिकला २००० सहसा झेपत नाही, जोडी मोडते आणि पैसे देऊन संगणक मंदावतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. अनेक जण ३६०० ची रॅम वर्षानुवर्षं मूळ संथ वेगावर चालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. एक्सएमपी लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एक जरी चूक दिसली तरी पुढे जायचं नाही.

आता मुख्य भाग. सगळे कोअर एकाच वेगावर खिळवून ठेवण्याच्या फंदात पडू नका. पीबीओ या एएमडीच्या वेग वाढवणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर घ्या. त्यात प्रत्येक कोअरला उणे ३० ते अधिक ३० असा आकडा देता येतो. एक घर म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे दिलं की तोच वेग कमी व्होल्टेजवर चालतो. कमी व्होल्टेज म्हणजे कमी वॉट, आणि वॉट उरले की प्रोसेसर त्याच ७६ च्या मर्यादेत स्वतःच वर चढतो. सगळ्या कोअरांना उणे १० देऊन सुरुवात करा, चार दिवस काम करा, मग पाच-पाचने खाली. वॉटची मर्यादा वाढवू नका. माझ्याकडे १०० वॉटवर तापमान १२ अंशांनी वाढलं आणि रेंडर जेमतेम काही सेकंदांनी कमी झाला.

एक गोष्ट ध्यानात असू द्या, पीबीओ चालू केल्यास एएमडीची वॉरंटी लागू राहत नाही. जोखीम छोटी आहे, पण ती तुमची आहे, म्हणून सांगितलं.

चार_पॉइंट_सहा

रेंडरसाठी सगळे कोअर ४.६ ला, १.३ व्होल्टवर खिळवणं जास्त फायद्याचं. माझा तसाच चालतो. कर्व्हचा खेळ गेमवाल्यांसाठी.

सोल्डर_आणि_चहा

तुमची चिप चांगली निघाली आणि खोली थंड असेल, तर नुसत्या रेंडरसाठी हे चालतं, मान्य. पण सगळ्या चिपा ४.६ धरत नाहीत, आणि खिळवलेलं व्होल्टेज दिवसभर तसंच राहतं. यांच्या खोलीत मे महिन्यात हवेचा कुलर लावूनही दुपारी ३४-३५ अंश असणार. तिथे १.३ व्होल्टवर तासभर रेंडर टाकला तर तापमान ९० च्या कमाल मर्यादेला टेकेल. दुपारी तीनला ग्राहकाचं काम अडकलं, तर वरचे २०० मेगाहर्ट्झ काय कामाचे?

आणखी एक, वऱ्हाडी_रेंडर: वाळ्याच्या कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओलसर हवेबरोबर धूळ आत जाऊन चिखलासारखी बसते. एका मित्राच्या प्रोसेसरच्या कुलरच्या पात्यांमधून मी ती टूथब्रशने खरवडून काढलीय. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं सोडून आधी अर्थिंग पाहून घ्या.

वऱ्हाडी_रेंडर

तीन आठवड्यांनी लिहितोय. जोडी बसवली. पहिल्याच दिवशी एक्सएमपी लावलं आणि पडदा काळा. बोर्डावर डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा लागून राहिला. घाबरून मुख्य वायर काढली, पुस्तिकेत पाहून बॅटरीजवळच्या, बायोस पुसणाऱ्या जेबीएटी१ च्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धरल्या. हात थरथरत होता. पुन्हा चालू केलं तर बायोस कोरं होऊन समोर! मग लक्षात आलं, पट्ट्या मी पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत बसवल्या होत्या. पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या आणि ३६०० एकदम चालला.

आता कर्व्ह सगळ्यांना उणे २५ आहे. माझा नेहमीचा मंडपाचा सीन मूळ सेटिंगवर १४ मिनिटं २० सेकंद घ्यायचा, आता १३ मिनिटं ३५. तापमान ७१.

अडचण एकच. रेंडर कितीही वेळ टाका, काही होत नाही. पण नुसतं ब्राउझर उघडं ठेवून जेवायला गेलो की परत येईपर्यंत संगणक आपोआप रीस्टार्ट झालेला असतो. तीनदा झालं. भाराखाली चालतो आणि रिकामा असताना पडतो, हे कसं?

सोल्डर_आणि_चहा

हे नेमकं कर्व्ह फार खाली नेल्याचं लक्षण आहे. रेंडरच्या वेळी सगळे कोअर जवळपास एकाच वेगावर स्थिर असतात. रिकाम्या वेळी एखादं छोटं काम आलं की एकच कोअर क्षणभर कमाल वेगाला उडी मारतो, आणि तिथे तुम्ही त्याचं व्होल्टेज कापलंय. म्हणून फक्त सिनेबेंच ही वेगचाचणी किंवा रेंडर चालवून कर्व्ह तपासला जात नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) पाहा. कर्नल-पॉवर ४१ दिसेल, त्यावर जाऊ नका, तो वीज गेली तरी येतो. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ ही नोंद सापडली तर कोअरचीच चूक समजा. मग कोअरसायकलर नावाचं मोफत साधन घ्या. ते एका वेळी एकाच कोअरवर भार टाकतं आणि कुठला कोअर चुकला ते नावानिशी सांगतं. रात्रभर लावून झोपा. बहुतेक वेळा कारखान्याने 'उत्तम' ठरवलेले एक-दोन कोअरच पडतात, कारण ते मुळातच कमी व्होल्टेजवर असतात, त्यांना आणखी कापायला जागा नसते. फक्त त्यांना वर आणा, बाकीचे राहू द्या.

वऱ्हाडी_रेंडर

अगदी तसंच निघालं. १८ नंबरच्या दोन नोंदी होत्या. कोअरसायकलरने कोअर १ आणि कोअर ४ दाखवले. १ ला उणे ८, ४ ला उणे १२, बाकी चौघे उणे २५ वरच. आज अकरावा दिवस, एकदाही रीस्टार्ट नाही. रेंडरची वेळ १३ मिनिटं ३८, म्हणजे तीन सेकंदच गेले. सोल्डरदादा, काका, तापकीर_गल्ली, मनापासून आभार. या हंगामातला पहिला देखावा याच संगणकावर केला, मंडळाने एका बैठकीत पसंत केला.

तापकीर_गल्ली

वा! आता एवढं करा: हे सगळे आकडे बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवा आणि वहीतही उतरवून ठेवा. पुढे बायोस अद्ययावत केलं की सेटिंग पुसली जातात आणि जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. मी एकदा सहा कोअरांचे आकडे असेच घालवले आणि पुन्हा पाच रात्री तपासत बसलो.