मदत हवी आहे: हायलक्सला ३३ इंची टायर, मग गियरिंगचं काय?

टोयोटा हायलक्स पिकअप, २.८ लिटर मॅन्युअल, २ इंच लिफ्ट (गाडी तेवढी उचललेली). मूळ २६५/६५ आर१७ टायर मुरबाडकडच्या चिखलात जागीच फिरतात, म्हणून २८५/७० आर१७ (साधारण ३३ इंच व्यासाचे) मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर घ्यायचा विचार आहे. मित्राचे लावून पाहिले: स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर घासतं. तेवढं कापून भागेल. बाहेर येणारी रुंद चाकं नकोत, बेअरिंगवर ताण येतो.

खरी अडचण गियरिंगची: चाक मोठं झालं की प्रत्येक गियरमध्ये ओढ कमी पडते. व्यास साधारण ७ टक्के वाढतो; काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ वर! सामान भरलं की कसारा घाटात सहावा गियर आत्ताच टिकत नाही. रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येही हीच गाडी, त्यामुळे क्लचची धास्ती. ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रीमॅपिंग करायचं नाही.

गेलेली ओढ परत मिळवायला पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन (चाकांआधीची शेवटची गियर-जोडी) मुंबई-ठाण्यात कुणी बदलून घेतलेत का? किती खर्च आला? की मुकाट्याने थोड्याच मोठ्या २६५/७० वर थांबू?