गाठी वाढल्या म्हणून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) थांबवू नका

टीबीची औषधं चालू असताना एआरटी सुरू केली आणि तीन आठवड्यांत मानेच्या गाठी वाढल्या, ताप परतला, म्हणजे औषधं लागू पडत नाहीत, असं काही जण म्हणतात. बहुतेकदा उलट असतं. सीडी४ (एचआयव्हीने घटवलेल्या संरक्षक पेशी) वाढू लागतात, प्रतिकारशक्ती जागी होते आणि आतल्या जंतूंवर तुटून पडते. ही सूज त्याची. याला आयरिस म्हणतात. मात्र तसा शिक्का मारण्याआधी थुंकीची किंवा गाठीतल्या पाण्याची रिफाम्पिसिन-प्रतिरोधासाठी (टीबीचं हे मुख्य औषध जंतूंवर चालेनासं झालंय का, यासाठी) तपासणी हवीच, आणि गोळ्या खरोखर पोटात जातायत का हेही बघा. त्रास जास्त असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) देतात: दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅम दोन आठवडे, मग निम्मं दोन आठवडे.

चूक असलीच तर ती डोसात असू शकते. रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्राविर हे एआरटीतलं औषध झपाट्याने संपवतं. त्यामुळे टीएलडीच्या (टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेल्या) एका गोळीवर भागत नाही. बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते, तीही रिफाम्पिसिन संपल्यानंतरही आणखी दोन आठवडे. ती टीबीच्या औषधांसोबतच बंद झालेली दिसते! कॅल्शियम, लोह, अँटासिड सोबत नको. डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

मेंदूच्या टीबीत मात्र एआरटीची घाई नको, चार ते आठ आठवडे थांबतात. तिथली सूज जिवावर बेतते.